मॅन्युअल फोकस : व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प, फोटोत मऊ, असं का होतं?

  आजचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून आला आहे. बेळगाव, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू, पुणे अशा वेगवेगळ्या गावांतून प्रश्न आले, पण सगळ्यांची तक्रार एकच होती. "सर, रिंग हाताने फिरवून फोकस केला. व्ह्यूफाइंडरमध्ये एकदम शार्प दिसत होता. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितला तर फोटो मऊ. चूक माझ्या डोळ्यांची, लेन्सची की कॅमेऱ्याची?"

उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी बडोद्याला माझ्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं. संध्याकाळची वेळ, खोलीत दिव्यांचा उजेड, आत्या पाटावर बसलेली आणि समोर औक्षणाचं ताट. माझ्याकडे ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स होती आणि माझ्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नव्हता. मी साधारण एक मीटरवर बसलो, एफ/१.८ ठेवलं, आत्याच्या डोळ्यावर रिंग फिरवून फोकस केला आणि पाच-सहा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसले. घरी मोठे करून पाहिले तेव्हा आत्याच्या कानातली कुडी अशी धारदार आली होती की मोती मोजून घ्यावेत. डोळे मात्र धूसर. पाच-सहा फोटोंपैकी एकही वाचला नाही. पुढच्या वर्षी आत्या गेली. फोटोला हार घालायच्या वेळी सगळ्यांना तोच दिव्यांच्या उजेडातला फोटो हवा होता आणि तो माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकलो. जे शिकलो ते आज क्रमाने सांगतो. कॅमेरा जवळ असेल तर हातात घेऊनच वाचा.

मॅन्युअल फोकस मुळात लागतो कधी?

आजच्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस उत्तम आहे, मग हाताने कशाला करायचा? चार वेळा तरी लागतोच.

पहिली वेळ, लेन्समध्ये किंवा बॉडीमध्ये मोटर नसते तेव्हा. आपल्याकडे हे फार होतं. निकॉनच्या डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांवर ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही जुनी, स्वस्तात मिळणारी लेन्स लावली तर ऑटोफोकस चालत नाही. डी७५०० वर तीच लेन्स ऑटोफोकस करते, कारण त्या बॉडीत मोटर आहे. सेकंडहँड बाजारातून ही लेन्स हौसेने आणलेले अनेकजण पहिल्या दिवशी घाबरतात. लेन्स बिघडलेली नसते, तिला हाताने फिरवावं लागतं एवढंच.

दुसरी वेळ, उजेड फारच कमी असतो तेव्हा. तिसरी, मॅक्रो म्हणजे फुलं-किड्यांचे अगदी जवळून फोटो काढताना. आणि चौथी, रात्रीच्या आकाशाचे फोटो काढताना. तिथे ऑटोफोकस पुढे-मागे नुसता चाचपडत राहतो.

कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश तीन ठिकाणी जातो. हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो बराचसा प्रकाश वर पाठवतो. वर एक दुधी काचेसारखी पट्टी असते, तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. त्या स्क्रीनवर पडलेलं चित्र आपण व्ह्यूफाइंडरमधून बघतो. म्हणजे आपण थेट समोरचं दृश्य बघत नाही, स्क्रीनवरचं चित्र बघतो. हा पहिला रस्ता.

तो आरसा थोडासा पारदर्शक असतो. त्यातून पलीकडे गेलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर पडून खाली, बॉडीच्या तळाशी असलेल्या ऑटोफोकस सेन्सरकडे जातो. हा दुसरा रस्ता. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका इथून मिळालेल्या माहितीवर पेटतो.

तिसरा रस्ता फोटोचा. शटर दाबलं की दोन्ही आरसे बाजूला होतात आणि प्रकाश सरळ मुख्य सेन्सरवर पडतो.

आता गंमत बघा. फोटो तिसऱ्या रस्त्याने निघतो, पण फोकस आपण पहिल्या किंवा दुसऱ्या रस्त्यावर बघून करतो. तिन्ही रस्त्यांची लांबी अगदी सारखी असेल तरच "दिसलं तसं आलं" असं होणार. आरसा किंवा स्क्रीन केसभर जरी सरकली असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प आणि फोटोत मऊ हे ठरलेलंच.

व्ह्यूफाइंडर डोळ्याला का फसवतो?

ज्यांनी घरातला जुना फिल्मचा एसएलआर हाताळला आहे त्यांना आठवेल. त्याच्या व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एक गोल असायचा, मधोमध दुभागलेला. फोकस नसेल तर खांबाचे दोन तुकडे वेगवेगळ्या जागी दिसायचे, रिंग फिरवून ते जुळले की फोकस झाला. साध्या डोळ्यालाही ते कळायचं, कारण ते कॅमेरे हाताने फोकस करण्यासाठीच बनवलेले होते.

ऑटोफोकस आल्यावर ही व्यवस्था गेली. आताची स्क्रीन हाताने फोकस करण्यासाठी बनवलेली नसते. एफ/३.५ ते ५.६ च्या किट लेन्समधूनही चित्र उजळ दिसावं म्हणून ती बनवलेली असते. त्याची किंमत अशी की ही स्क्रीन साधारण एफ/२.५ ते २.८ पेक्षा मोठं अ‍ॅपर्चर दाखवूच शकत नाही. लेन्स एफ/१.८ असो की एफ/१.४, व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी खोली एफ/२.८ च्या आसपासची असते. म्हणजे तिथे डोळा आणि नाक दोन्ही शार्प दिसतील, फोटोत मात्र दोघांपैकी एकच शार्प येईल.

ज्यांच्या बॉडीवर डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण आहे त्यांनी हे स्वतः करून बघा. एफ/१.८ लेन्स लावा, अ‍ॅपर्चर २.५ करा आणि ते बटण दाबा. एफ/१.८ वरून २.५ म्हणजे जवळजवळ निम्मा प्रकाश कमी, तरी व्ह्यूफाइंडर जेमतेम काळवंडतो. कारण तो जास्तीचा प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत आधीही पोचत नव्हता.

त्यात आकाराचाही प्रश्न आहे. कॅनन १५००डी सारख्या बॉडीत व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन ०.८ लिहिलेलं असतं, पण सेन्सर लहान असल्यामुळे फुलफ्रेमच्या हिशेबाने ते जेमतेम ०.५ भरतं. एवढ्याशा खिडकीतून पापण्यांचे केस शार्प आहेत की नाहीत हे ठरवणं कठीणच. तेव्हा स्वतःच्या डोळ्यांना दोष देऊ नका.

पायरी पहिली : डायऑप्टर

सगळ्यात आधी हे करा. फुकट आहे आणि एका मिनिटात होतं.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक छोटं चाक किंवा सरकपट्टी असते. ते डायऑप्टर. तुमच्या डोळ्याच्या नंबरनुसार व्ह्यूफाइंडर जुळवण्यासाठी ते असतं. त्याने फोटोचा फोकस बदलत नाही, पण ते चुकलेलं असेल तर स्क्रीनवरचं चित्रच तुम्हाला नीट दिसत नाही. मग डोळा आपल्या परीने ताण देऊन चित्र शार्प करतो आणि तुम्हाला वाटतं फोकस झाला.

जुळवायचं असं. कॅमेरा एखाद्या कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा, सूर्य टाळून. लेन्स मुद्दाम आउट ऑफ फोकस करा. आता भिंतीकडे लक्ष देऊ नका. व्ह्यूफाइंडरमध्ये ज्या बारीक रेघा, फोकस पॉइंटचे चौकोन आणि खालचे आकडे दिसतात त्यांच्याकडे बघा. ते अगदी ठसठशीत होईपर्यंत चाक फिरवा. मग डोळा मिटा, दोन-तीन सेकंदांनी उघडा आणि पुन्हा बघा. उघडल्या क्षणी रेघा स्पष्ट असतील तर काम झालं.

चष्मा लावून फोटो काढत असाल तर चष्मा लावूनच जुळवा. हे चाक बॅगेत कॅमेरा घालता-काढताना हमखास फिरतं. आत्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी माझं असंच फिरलेलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. आता मी प्रत्येक कार्यक्रमाआधी आधी चाक बघतो, मग बॅटरी.

पायरी दुसरी : लेन्सचा स्वभाव ओळखा

सगळ्या लेन्सच्या रिंगा सारख्या नसतात.

लेन्सवर ए/एम किंवा एएफ/एमएफ असं बटण असेल तर ते एम वर न्या. मोटर गुंतलेली असताना रिंग जबरदस्तीने फिरवू नका, आतले दाते खराब होतात. एम/ए असं लिहिलेलं असेल तर ऑटोफोकसमध्येही रिंग फिरवायला हरकत नसते.

निकॉनच्या एएफ-पी किट लेन्सवर असं बटणच नसतं, तिथे कॅमेऱ्याच्या मेनूमधून मॅन्युअल फोकस निवडावा लागतो. एएफ-पी आणि कॅननच्या ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएमसारख्या लेन्समध्ये रिंग थेट काचा हलवत नाही, ती मोटरला निरोप देते. कॅमेरा झोपला की निरोप पोचत नाही. "रिंग फिरवतो पण काहीच होत नाही" अशी तक्रार असेल तर शटर अर्धं दाबून कॅमेऱ्याला जागं करा.

एफ/१.८डी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२ वर लॉक करा. नाहीतर पडद्यावर 'एफईई' असं काहीतरी दिसेल आणि कॅमेरा फोटो काढणार नाही.

निकॉन आणि कॅननच्या रिंगा एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात, हेही ध्यानात ठेवा. मित्राचा कॅमेरा हातात आला की सवयीचा हात चुकतो.

पायरी तिसरी : हिरव्या ठिपक्याचा नीट वापर

मॅन्युअल फोकसमध्येही ऑटोफोकसचा सेन्सर जागा असतो. तो लेन्स फिरवत नाही, पण फोकस झाला की सांगतो. निकॉनमध्ये व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कोपऱ्यात गोल ठिपका पेटतो. कॅननमध्ये शटर अर्धं दाबून धरून रिंग फिरवली की फोकस पॉइंट लुकलुकतो आणि खूण पेटते. निकॉनच्या डी५६०० सारख्या काही बॉडींत रेंजफाइंडर नावाची सोय मेनूमध्ये असते. ती चालू केली की एक्स्पोजरच्या पट्टीवर फोकस पुढे आहे की मागे हेही दिसतं. एम मोडमध्ये मात्र ती पट्टी एक्स्पोजरसाठीच राखीव असते.

ठिपका वापरताना लोक तीन चुका करतात.

पहिली, फोकस पॉइंट मधला ठेवून डोळ्यावर फोकस करायचा आणि मग फ्रेम वळवायची. ठिपका निवडलेल्या पॉइंटपुरतंच बोलतो. तेव्हा आधी फ्रेम ठरवा, मग डोळ्याच्या सर्वांत जवळचा पॉइंट निवडा.

दुसरी, ठिपका पेटला की लगेच थांबायचं. ठिपका एका बिंदूवर पेटत नाही, एका छोट्या टप्प्यात पेटलेला राहतो. रिंग हळूहळू फिरवा, तो कुठे पेटतो ते बघा. तशीच पुढे न्या, कुठे विझतो ते बघा. मग मागे येऊन त्या टप्प्याच्या मधोमध थांबा. सवय झाली की हे दोन सेकंदांत होतं.

तिसरी, पॉइंट सपाट जागेवर ठेवायचा. गालावर, कोऱ्या भिंतीवर सेन्सरला पकडायला काही मिळत नाही. पापणी, भुवई, साडीचा काठ, चष्म्याची दांडी अशी उजेड-अंधाराची कड द्या.

जुन्या, एफ/५.६ पेक्षा लहान अ‍ॅपर्चरच्या लेन्सवर हा ठिपका भरवशाचा नसतो, हे लक्षात असू द्या.

पायरी चौथी : लाइव्ह व्ह्यू

वस्तू स्थिर असेल आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, तर याच्याइतका अचूक उपाय दुसरा नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर जातो आणि पडद्यावरचं चित्र थेट मुख्य सेन्सरवरून येतं. म्हणजे फोटो ज्या रस्त्याने निघणार त्याच रस्त्यावर तुम्ही फोकस बघता. आरसा, स्क्रीन यांच्या चुका मधे येतच नाहीत.

क्रम असा ठेवा. लाइव्ह व्ह्यू चालू करा. जिथे फोकस हवा तिथे चौकोन न्या. भिंगाचं बटण दाबून चित्र मोठं करा. कॅननमध्ये ५ पट आणि १० पट असे टप्पे असतात. अ‍ॅपर्चर मोठं, म्हणजे आकडा लहान ठेवून फोकस करा, कारण तेव्हा फोकसमधला फरक ठळक दिसतो. रिंग थोडी पुढे नेऊन चित्र बिघडू द्या, मग मागे या. शार्प होईल, पुन्हा बिघडेल. या दोन्हींच्या मधली जागा पकडा. मग हवं ते अ‍ॅपर्चर लावा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो काढा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. लेन्समध्ये व्हीआर किंवा आयएस असेल तर ट्रायपॉडवर ते बंद करा.

एक बारकावा. काही मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर लहान केलं की फोकसची जागा किंचित सरकते. तुमच्या लेन्सबाबत असं वाटलं तर ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढणार त्यावरच फोकस करा. आणि निकॉन डी७८०, डी८५० अशा काही बॉडींत लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस पीकिंग असतं, शार्प कडा रंगीत दिसतात. ते जागा शोधायला चांगलं, पण शेवटची खात्री चित्र मोठं करूनच करा.

थोडा हिशेब : चुकायला जागा किती असते?

क्रॉप सेन्सर आणि ५० मिलिमीटर लेन्स धरू. एक मीटरवर एफ/१.८ ठेवलं तर शार्प दिसणारा पट्टा जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचा असतो. दीड मीटरवर तोच साधारण सहा सेंटिमीटर होतो. दीड मीटरवरच एफ/२.८ केलं तर जवळजवळ दहा सेंटिमीटर.

आता माझ्या चुकीकडे बघा. एक मीटर, एफ/१.८, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर. फोकस केला तेव्हा आत्या ताठ बसली होती. ताट ओवाळताना ती नमस्कारासाठी थोडी पुढे झुकली. डोळा पट्ट्याच्या बाहेर आला आणि त्या जागी कान आला. म्हणून कुडी शार्प. अर्धा मीटर मागे सरकून एफ/२.८ ठेवलं असतं तर पट्टा तिपटीपेक्षा मोठा झाला असता. प्रकाश सव्वा स्टॉपने कमी झाला असता, तो आयएसओ वाढवून भरून निघाला असता. फोटोत थोडे दाणे आले असते. दाणेदार फोटोला हार घालता येतो, धूसर फोटोला नाही.

फ्रेम वळवण्याचाही असाच हिशेब आहे. एक मीटरवर मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस केला आणि कॅमेरा फक्त दहा अंश वळवला, तर शार्प पट्टा डोळ्याच्या साधारण दीड सेंटिमीटर मागे जातो. पट्ट्याचा अर्धा भागच १.४ सेंटिमीटरच्या आत आहे, म्हणजे डोळा गेला. आणि आपण श्वास घेतो-सोडतो, तोल सावरतो, तेव्हा शरीरही सेंटिमीटरभर सहज हलतं.

म्हणून हातात कॅमेरा धरून जवळचा फोटो काढताना कोपरं अंगाला टेकवा, शक्य तर भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घ्या. फोकस झाला की शटर लगेच दाबा आणि एकाऐवजी तीन-चार फोटो सलग काढा. शरीराच्या हलण्यामुळे त्यातला एक तरी बरोबर बसतो.

घरच्या घरी चाचणी

तुमचा कॅमेरा खरं बोलतो की नाही हे दुकानात न जाता कळतं.

टेबलावर छापील मजकुराचं पुठ्ठ्याचं खोकं, उदाहरणार्थ औषधाचं, उभं ठेवा. त्याच्या शेजारी फूटपट्टी अशी तिरकी टेकवा की एक टोक कॅमेऱ्याकडे खाली येईल, दुसरं मागे वर जाईल आणि मधला आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या बरोबरीने राहील. कॅमेरा ट्रायपॉडवर, अंतर एक-दीड मीटर, अ‍ॅपर्चर सर्वांत मोठं, उजेड भरपूर.

आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून खोक्यावरच्या अक्षरांवर फोकस करा आणि फोटो काढा. हा तुमचा बरोबर उत्तराचा फोटो. आता रिंगला हात न लावता लाइव्ह व्ह्यू बंद करा, फोकस पॉइंट अक्षरांवर ठेवा आणि बघा, हिरवा ठिपका पेटतो का? पेटला तर ठिपका विश्वासू. नाही पेटला तर तो पुढे-मागे आहे.

मग रिंग बिघडवा, या वेळी फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये बघून डोळ्याने फोकस करा आणि फोटो काढा. असं पाच वेळा करा. फोटोत फूटपट्टीवरचा कोणता आकडा शार्प आला ते वहीत लिहा. पाचही वेळा चूक एकाच बाजूला असेल तर कॅमेऱ्यात फरक आहे, सर्व्हिस सेंटरला दाखवा. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर कॅमेरा ठीक आहे, सराव कमी आहे.

प्रसंगानुसार काय करायचं?

मॅक्रोमध्ये रिंग कमी फिरवा, कॅमेरा जास्त हलवा. वस्तू सेन्सरवर जितक्यास तितकी येते तेव्हा एफ/८ वरही शार्प पट्टा क्रॉप सेन्सरवर साधारण ०.६ मिलिमीटर असतो. एवढं रिंगने साधत नाही. रिंग एका जागी ठेवा, स्वतः किंचित पुढे-मागे झुका आणि डोळा शार्प झाला की दाबा.

मिरवणुकीत, बाजारात, दिंडीत वेळच नसतो. तिथे आधीच फोकस लावून ठेवा. किट लेन्स १८ मिलिमीटरवर, एफ/८, आणि फोकस दोन मीटरवर. क्रॉप सेन्सरवर एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प येतं. लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर दोन मीटरवरच्या वस्तूवर ऑटोफोकस करा आणि मग एम वर न्या. झूम मात्र नंतर हलवायचा नाही.

रात्रीच्या आकाशासाठी रिंग शेवटपर्यंत फिरवून "झालं अनंत" असं समजू नका. ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्याही पुढे जाते, थंडी-उन्हाने जागा थोडी बदलावी म्हणून. कच्छच्या रणात जा, किंवा २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झालेल्या लडाखच्या हानलेला जा, पद्धत एकच. लाइव्ह व्ह्यूमध्ये सर्वांत तेजस्वी तारा घ्या, १० पट मोठा करा, तो लहानात लहान टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. रात्रीत तापमान बरंच उतरलं तर एकदा पुन्हा तपासा.

तुमचे दोन प्रश्न

"हेलिओस ४४-२ ही जुनी रशियन लेन्स घ्यावी का?" घ्या, फोटो सुंदर येतात. पण ती एम४२ प्रकारची स्क्रूची लेन्स आहे. कॅननच्या डीएसएलआरवर साध्या अडॅप्टरने अनंतापर्यंत फोकस होतो, फक्त काही फुलफ्रेम बॉडींत आरसा लेन्सच्या मागच्या भागाला घासू शकतो. निकॉनवर मधे काच नसलेल्या अडॅप्टरने लांबचं फोकसच होत नाही, कारण निकॉनमध्ये लेन्सपासून सेन्सरचं अंतर ४६.५ मिलिमीटर आहे आणि एम४२ ला साधारण ४५.५ हवं. चिप नसलेल्या अडॅप्टरवर कॅननमध्ये फोकसची खूणही पेटत नाही, तेव्हा लाइव्ह व्ह्यूच वापरा.

"फोटो मऊ आला तर फोकस चुकला की हात हलला, कसं ओळखायचं?" फोटो शंभर टक्के मोठा करून सगळीकडे फिरा. कुठेतरी पुढे किंवा मागे काही शार्प सापडलं तर फोकस चुकला. कुठेच काही शार्प नसेल आणि ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील तर हात हलला. मागची भिंत शार्प आणि माणूस पुसलेला असेल तर आधी त्याचे हात-पाय बघा, तिथे ओढल्यासारख्या रेघा असतील तर माणूस हलला, शटर वेगवान करा.

या आठवड्याचा अभ्यास

आज डायऑप्टर जुळवा. उद्या फूटपट्टीची चाचणी करा. मग रोज दहा मिनिटं, घरातल्या एका माणसाचे, दीड मीटरवरून, एफ/२.८ वर, फक्त हिरव्या ठिपक्यावर दहा फोटो काढा आणि किती डोळे शार्प आले ते मोजा. पहिल्या दिवशी तीन आले तरी नाराज होऊ नका. आठवड्यात सहा-सात यायला लागतात.

आणि तो घरातला माणूस निवडताना शक्य असेल तर सर्वांत वयस्कर माणूस निवडा. आजी, आजोबा, आत्या, मामा, जे असतील ते. सरावाला सराव होईल, त्यांच्याशी दहा मिनिटं गप्पा होतील आणि त्या दहा फोटोंतला एखादा पुढे तुम्हाला फार मोलाचा वाटेल. फोटो काढल्यावर लगेच पडद्यावर डोळा मोठा करून बघा. चुकला असेल तर "एकदा परत हं" म्हणा. त्या वेळी म्हणता येतं.

पुढच्या भागात कमी उजेडात आयएसओ किती वाढवावा, यावर बोलू. तोपर्यंत तुमच्या फूटपट्टीचे आकडे मला जरूर कळवा.